डोंगरातला गॅस गेला कुठे

मीटरताई हे नाव तिला कामावरच्या लोकांनी दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की घरी सासरेसुद्धा लहर आली की त्याच नावाने हाक मारायचे. गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं पिवळं मीटर, खांद्यावर नळीचं भेंडोळं, पाठीवरच्या पिशवीत पाना, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड वही. गेली नऊ वर्षं ती शहराच्या बंद झालेल्या कचऱ्याच्या डोंगरावर गॅस मोजत होती.

लांबून पाहणाऱ्याला ती गवताची टेकडीच वाटे. पण त्या गवताखाली अख्ख्या शहराने तीस वर्षं टाकलेला कचरा होता, आणि तो कुजता कुजता गॅस सोडत होता. त्यातला निम्मा मिथेन. मोकळ्या हवेत गेला तर तो जगाचा ताप वाढवतो, आणि बंद जागेत साठला तर ठिणगीची वाट बघत बसतो. म्हणून डोंगरात चौसष्ट विहिरी खणल्या होत्या. पाण्याच्या नव्हेत, गॅसच्या. भोकं पाडलेले उभे पाइप खोल पुरलेले, सगळे एका मोठ्या नळीला जोडलेले, आणि त्या नळीच्या टोकाला ब्लोअर, म्हणजे गॅस ओढून घेणारा दांडगा पंखा. ओढलेला गॅस एका उंच धुराड्यात जाळून टाकायचा.

ऐकायला सोपं आहे. पण कमी ओढलं तर गॅस निसटतो, आणि जास्त ओढलं तर डोंगर बाहेरची हवा पोटात घेतो. मग आत आग लागते, आणि ती विझवता विझवता वर्ष निघून जातं. कुठल्या विहिरीचा व्हॉल्व्ह पाव वळसा उघडायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे ठरवणं मीटरताईचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. खोटा विनय तिच्या स्वभावात बसत नव्हता.

त्या मंगळवारी ती पाच आठवड्यांनी पूर्वेच्या उतारावर गेली. मधले पाच आठवडे तिथे चिकणमातीचा नवा जाड थर टाकायचं काम चालू होतं, ट्रकांची ये-जा होती, त्यामुळे कोणालाच तिकडे सोडत नव्हते. थर पडला आणि उताराच्या पृष्ठभागावरून निसटणारा गॅस जवळजवळ शून्यावर आला. ऑफिसात सगळे खूश होते. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या इनचार्ज साहेबांनी तर वरच्यांना तसं कळवूनही टाकलं होतं.

चाळीस नंबरची विहीर ठीक होती. एक्केचाळीसला नळी जोडली आणि मीटरचा आकडा नाचायला लागला. ओढ आहे, नाही, आहे, नाही. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सगळीकडे तोच नाच. तिने गुडघ्यावर बसून मोठ्या नळीला कान लावला. आतून आवाज येत होता, पोट बिघडलेल्या माणसाच्या पोटातून येतो तसा. गुडगुड, गुडगुड.

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, एक्केचाळीस ते चव्वेचाळीस, चारही विहिरी ओढत नाहीयेत."

"कंट्रोल रूमच्या पडद्यावर तर सगळं हिरवं दिसतंय, ताई."

"पडदा ब्लोअरपाशी काय चाललंय ते सांगतो. मी विहिरीपाशी उभी आहे."

साहेब तरुण होते, हुशार होते, आणि माणूस म्हणून सरळ होते. ते म्हणाले, "मग ब्लोअर वाढवतो. जोर लावला की येईल."

"नका वाढवू. नळीत पाणी साचलंय. जोर लावलात तर पाणी जागचं हलणार नाही, पण बाकीच्या साठ विहिरी हवा ओढायला लागतील. घसा अडकलाय एकाचा आणि औषध पाजायचं साठ जणांना, असं होईल."

"पाणीच आहे हे कशावरून?"

"इथे या आणि कान लावा."

दहा मिनिटांत साहेब आले. इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा बघितलं, सुस्कारा सोडला, आणि चिखलात गुडघे टेकून कान लावला. उठले तेव्हा कानाला माती आणि चेहऱ्यावर खात्री, दोन्ही होती. कारणही समोरच दिसत होतं. मातीच्या ट्रकांच्या वजनाने जमीन दबली होती आणि नळीला मधोमध झोळ पडला होता. गॅसबरोबर येणारी वाफ थंड होऊन त्या झोळात पाणी साचत गेलं आणि वाट बंद झाली.

"उद्या सकाळी फिटरची टोळी बोलावतो," साहेब म्हणाले. "नळी उचलून घेऊ, पाणी काढून टाकू. शाबास, ताई."

ताई मात्र जागची हलली नाही. "साहेब, पाच आठवडे या चार विहिरींनी काही ओढलेलं नाही. वरून मातीचं झाकण घट्ट बसलंय. वर येत नाही, नळीत येत नाही. मग इतक्या दिवसांचा गॅस गेला कुठे?"

"कमी बनत असेल."

"पाच आठवड्यांत कचरा म्हातारा होत नाही."

"कुंपणालगत जमिनीत पुरलेल्या पाचही तपासनळ्या शून्य दाखवतायत. तुम्हीच मोजल्यात सकाळी."

"मोजल्यात. पण दोन नळ्यांमध्ये तीस-तीस मीटर अंतर आहे. तेवढ्यातून हत्ती निघून जाईल."

साहेबांना अकरा वाजता बैठक होती. त्यांनी आणखी नळ्या बसवायचा विषय पुढच्या महिन्यावर टाकला आणि ते गेले. मीटरताईने वाद घातला नाही. ती कुंपणाचं फाटक उघडून बाहेर पडली.

कुंपणाच्या बाहेर मोकळ्या गवताचा पट्टा होता आणि त्यापलीकडे एका ओळीत सात जुनी घरं. ती मान खाली घालून गवत बघत चालली. तिसऱ्या आणि चौथ्या तपासनळीच्या मध्ये तिला हवं ते दिसलं. हवं म्हणजे काय, भीती वाटत होती ते. हातभर रुंदीचा एक पट्टा पिवळा पडून वाळला होता. दोन्ही बाजूंना गवत हिरवंगार, मधे हा पट्टा, आणि तो सरळ रेषेत घरांकडे गेलेला. मुळांना हवा मिळाली नाही की गवत असं गुदमरतं. आणि निसर्ग पट्टी लावून रेघ ओढत नाही. ही कोणा माणसाने केलेली वाट होती.

तिने फोनवर फोटो काढला, आकाशाकडे बघितलं आणि तडक घर गाठलं. घर पाचच मिनिटांवर होतं. पश्चिमेकडून ढग चढत होते. सकाळपासून हवेचा दाब उतरत होता, हे तिने ऑफिसातल्या यंत्रावर पाहिलं होतं. बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला गॅस बाहेर यायची घाई करतो.

सासरे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रेडिओचे स्क्रू काढत होते. बावीस वर्षं त्यांनी त्याच डोंगरावर बुलडोझर चालवला होता. कचरा पसरायचा, दाबायचा, वर माती ओढायची. सून त्याच डोंगरावर कामाला लागली तेव्हा ते म्हणाले होते, "आम्ही गाडला, आता तू त्याची नाडी बघत बस."

"बाबा, हे बघा. कुंपणाबाहेर, घरांच्या अलीकडे."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. फोन जवळ धरला, लांब धरला. मग स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला.

"हा आमचा दगडी नाला आहे."

"कुठला नाला? नकाशात नाला नाही."

"नकाशात कसा असेल? मुकादम म्हणाला, पाणी तुंबतंय, चर खणा. मी तीन दिवसांत खणला. त्यात दगड भरले, वर माती टाकली. पाणी निघून गेलं, विषय संपला. तेव्हा डोंगर कंबरेएवढासुद्धा नव्हता." ते थांबले. "तेव्हा पलीकडे घरं नव्हती गं. नुसतं माळरान होतं."

म्हणजे कचऱ्याच्या तळापासून थेट घरांपर्यंत दगडांच्या फटींचा मोकळा बोगदा होता. इतकी वर्षं विहिरी नीट ओढत होत्या म्हणून गॅस तिकडे वळला नव्हता. आता वरचं दार बंद झालं, नळीचं दार बंद झालं, आणि त्याला हे मागचं दार सापडलं.

"बाबा, तुमची चूक नंतर काढू. आधी सांगा, तो संपतो कुठे?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढली. "शेवटी एक खड्डा होता, मोठ्या दगडांचा. आजच्या हिशेबाने तिसरं घर. फार तर चौथं."

मीटरताईने चालता चालताच साहेबांना फोन केला. बैठकीत होते, तरी उचलला. तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं. "अग्निशमनला मी कळवतो," साहेब म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा. आलोच." सासरेही चपला घालून मागोमाग निघाले. नको म्हणायला वेळ नव्हता.

तिसऱ्या घरात एक घड्याळजी राहायचा. साठीचा, एकटा, तळघरात दुकान. दार उघडंच होतं. मीटरताईने मीटर चालू करून पायरीवर पाऊल ठेवलं. मिथेन शून्य पूर्णांक तीन टक्के. चौथ्या पायरीवर शून्य पूर्णांक आठ. खाली दिव्याच्या उजेडात घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकला होता. समोर स्पिरिटचा दिवा, एका हातात चिमटा, आणि दुसऱ्या हातात काडेपेटी.

"काका, ती काडेपेटी खाली ठेवा."

"कोण आहे?"

"डोंगरावरची. गॅस मोजणारी. काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका, आहे तसे वर चला."

"गॅस? मला तर कसला वास नाही येत."

"मिथेनला वास नसतोच. वास येतो तो त्याच्या सोबतच्यांना, आणि ते मातीतून येताना गाळले जातात. हा एकटा येतो, गुपचूप." बोलता बोलता तिने नळीचं टोक भिंतीतल्या पाइपाच्या फटीशी नेलं. एक पूर्णांक नऊ. मीटर कर्कश ओरडायला लागलं. पाच टक्क्यांना ठिणगी पुरते, आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत सरकत होता.

घड्याळजीने काडेपेटी ठेवली, पण उठला नाही. "दोन मिनिटं. ही स्प्रिंग केसाएवढी आहे. आत्ता सोडली तर उडून जाईल, परत मिळायची नाही."

"काका, स्प्रिंग उडाली तर आपण दोघं मिळून शोधू. छप्पर उडालं तर शोधायला कोण राहणार?"

घड्याळजीने तिच्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आणि चिमटा सोडला. स्प्रिंग खरंच कुठेतरी उडाली. तो भिंग डोळ्याला तसंच ठेवून जिना चढला. वर आल्यावर मीटरताईने एकेक खिडकी आणि मागचंपुढचं दार सताड उघडलं, त्याला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि ती चौथ्या घराकडे धावली. तिथे शून्य पूर्णांक सहा. त्या घरातली बाई दोन लेकींना घेऊन, एकही प्रश्न न विचारता बाहेर आली. बाकीच्या पाच घरांत शून्य होतं, तरी अग्निशमनची गाडी आल्यावर त्यांच्या प्रमुखाने सातही घरं रिकामी केली आणि बाहेरच्या खांबावरूनच वीज तोडली.

साहेब धापा टाकत आले. कानाची माती अजून तशीच होती. "ताई, आता काय करू?" त्यांनी विचारलं. आजूबाजूला दहा माणसं उभी होती, तरी त्यांनी विचारलं, आणि मीटरताईच्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर तिथे वाढला.

"दोन कामं. घरांच्या अलीकडे नाला उघडायचा, म्हणजे गॅस वाटेतच मोकळ्या हवेत जाईल. आणि नळीतलं पाणी आजच काढायचं, उद्या नाही. विहिरी ओढायला लागल्या की तो आपोआप मागे फिरेल."

साहेबांनी फिटरच्या टोळीला फोन लावला आणि डोंगरावर माती ओढणारं खोदयंत्र खाली मागवलं. वाळलेला पट्टा घरांच्या पंचवीस-तीस पावलं आधीच संपत होता, कारण तिथे कोणीतरी भर घालून जमीन उंच केली होती. नाला उघडायला हवा होता तो नेमका तिथेच, घरांच्या जवळ. सासरे पुढे झाले. या भरावाखाली नाला वळतो हे त्यांना आठवत होतं; कुंपणाकडे बघून वळण ताडलं, चार पावलं मोजली, टाच मारली. "इथे."

खोदयंत्राने खणलं. अग्निशमनची माणसं पाण्याचा फवारा धरून उभी होती आणि मीटरताई वाऱ्याची दिशा बघत खड्ड्याच्या काठाशी मीटर धरून होती. माती निघाली. आणखी माती निघाली. पुरुषभर खोल गेलं तरी दगडाचा पत्ता नाही.

"बाबा?" ती म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्या माणसाच्या बुलडोझरचं पातं वीतभरही चुकलं नव्हतं, तो सगळ्यांसमोर चुकला होता. ते मागे सरकले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. यंत्रवाला काही बोलणार, तेवढ्यात मीटरताईने त्याला हाताने थांबवलं. "त्यांना विचार करू दे."

सासरे कुंपणाकडे बघत होते. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "हे कुंपण कधीचं?"

"सहा वर्षांपूर्वीचं. जुनं काढून नवीन घातलं."

"जुन्याच जागी?"

साहेबांनी फोनमध्ये शोधलं. "नाही. आठ मीटर आत घेतलंय."

"मग मी कुंपणावरून मोजतोय, इथेच चूक आहे," सासरे म्हणाले. आवाज एकदम बदलला. त्यांनी कुंपणाकडे पाठ केली, लांबच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावली, एक डोळा मिटला. टाकी काही कोणी हलवलेली नव्हती. उजवीकडे अकरा पावलं गेले. या वेळी टाच मारली नाही. नुसते उभे राहिले आणि यंत्रवाल्याला म्हणाले, "माझ्या पायाखाली. मी बाजूला झालो की."

तिसऱ्याच घासाला यंत्राचा दात दगडावर घासला. यंत्र मागे घेतलं. शेवटची माती मीटरताईने आणि एका जवानाने लाकडी फळीने ओढली, लोखंडाची ठिणगी नको म्हणून. दगड उघडे पडले. मीटरचा आकडा सरसर चढला, बारा, वीस, एकतीस. पाच आठवडे कोंडलेला गॅस वाट मिळताच वाऱ्यावर निघून चालला. दिसत काही नव्हतं. फक्त उघड्या दगडांवरची हवा थरथरत होती, तापल्या रस्त्यावर थरथरते तशी.

"जाऊ दे त्याला," मीटरताई म्हणाली. "आज एक दिवस माफ."

वर डोंगरावर फिटरच्या टोळीने नळीचा झोळ जॅकवर उचलला, खाली टेकू दिले आणि पाण्यासाठी एक कायमची निचरानळी बसवली. बादल्यांवर बादल्या काळं पाणी निघालं. मग नळी एकदा मोठ्याने घोरली आणि शांत झाली. मीटरताईने एक्केचाळीसला मीटर जोडलं. आकडा नाचला नाही, जागेवर उभा राहिला. ओढ आली होती.

यंत्रवाला म्हणाला, "आता चारही उघडा की पुरे!"

"उपाशी माणसाला एकदम जेवण वाढत नाहीत," ती म्हणाली आणि तिने व्हॉल्व्ह पाव वळसाच फिरवला. ऑक्सिजन बघितला. थांबली. बेचाळीसला गेली. चौघींची फेरी दोनदा केली. संध्याकाळी साडेसहाला घड्याळजीच्या तळघरात आकडा शून्य पूर्णांक दोनवर आला होता.

तिसऱ्या दिवशी सातही घरांत शून्य झालं. तरी तिने लोकांना लगेच परत जाऊ दिलं नाही. हवेचा दाब पुन्हा एकदा उतरू दे, त्या दिवशीही शून्य आलं तर मानेन, असं म्हणाली. साहेबांनी तिचं ऐकलं. पाचव्या दिवशी दाब उतरला, शून्य शून्यच राहिलं. नाला कुंपणापाशी चिकणमातीने कायमचा कापून बंद केला, घराघरात भोंगा वाजवणारी यंत्रं बसली, आणि कुंपणालगतच्या तपासनळ्या पाचच्या चौदा झाल्या.

घरी परतायच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना त्या गवतावर बोलावलं. काय झालं, ते काही न लपवता सांगितलं. मातीच्या थराने काय केलं, नळीचं काय झालं, पूर्वेच्या विहिरी पाच आठवडे कोणीच का मोजल्या नाहीत. "मी पडदा बघत बसलो," ते म्हणाले. "इथून पुढे कसलंही काम चालू असलं तरी मोजणी थांबणार नाही."

घड्याळजीने मीटरताईला विचारलं, "म्हणजे आता गॅस यायचा बंद?"

"बनायचा बंद नाही होणार, काका. अजून वीस-पंचवीस वर्षं बनत राहील. पण तुमच्या घरात येणार नाही."

"एवढी खात्री?"

"मी मोजतेय ना."

हे ती फुशारकी म्हणून बोलली नव्हती, आणि घड्याळजीनेही ते तसं ऐकलं नाही. त्याने मान डोलावली आणि तो तळघरात स्प्रिंग शोधायला गेला.

पुढच्या सोमवारी साहेबांनी सासऱ्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर डोंगराचा भला मोठा नकाशा पसरलेला, आणि कडेला लाल पेन्सिल. "बाबा, तुम्हाला आठवेल ते सगळं यावर काढा. नकाशात नसलेलं."

सासरे धुतलेला शर्ट घालून, दाढी करून आले होते. आधी नुसतेच बघत राहिले. मग दगडी नाला काढला. मग एक जुना बांध. मग एक रस्ता, जो आता वीस मीटर कचऱ्याखाली होता. दुपारपर्यंत साहेब, मीटरताई आणि कंट्रोल रूममधली मंडळी टेबलाभोवती जमली होती. सासऱ्यांनी दक्षिणेच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला आणि पेन्सिल ठेवली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"ट्रक."

"ट्रक म्हणजे?"

"दलदलीत रुतला होता. दोन दिवस ओढला, निघेना. मुकादम म्हणाला, राहू दे."

साहेब नकाशावर वाकले. "अख्खा ट्रक?"

"छे," सासरे म्हणाले. "चाकं काढून घेतली होती."